घोड्यावरून उंचावरच्या तळ्यांकडे: रॉडच्या आधीचे प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वायोमिंगच्या विंड रिव्हर रांगेत ऑगस्टमध्ये पाच दिवस जायचंय. चौघं मित्र, घोड्यावरून प्रवास आणि उंचावरच्या तळ्यांमध्ये फ्लाय फिशिंग (किड्यासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाने, म्हणजे फ्लायने, मासेमारी). चौघांपैकी दोघं आजवर घोड्यावर बसलेले नाहीत आणि एकाचा गुडघा दुखरा आहे. रोज मुक्काम हलवून पाच-सहा तळी 'करायची' आहेत, आणि त्यासाठी कोणती रॉड घ्यावी ते हवंय. गोल्डन ट्राउट या माशाचंही विचारलंय.

रॉडचं उत्तर दोन ओळींत संपेल, पुढे देतोच. पण पाच दिवसांत तुमच्या हाताशी मासेमारीचे तास किती उरणार आणि त्या तासांत तुम्ही धड उभं राहण्याच्या अवस्थेत असणार का, हे आधी पाहायला हवं. मी उन्हाळ्यात अशा सहलींवर घोडे आणि सामान सांभाळायचं काम करतो, आणि नवख्या लोकांचा बेत बहुतेक वेळा इथेच फसतो. गळाला मासा न लागण्याचं कारण फ्लायच्या डबीत क्वचितच असतं.

मुक्काम हलवण्याच्या एका दिवसाचा हिशेब मांडून बघा. रात्री चरायला सोडलेले घोडे पहाटे शोधून, पकडून दावणीला आणायचे. चंदी, खरारा, खोगिरं. तोवर इकडे नाश्ता उरकून तंबू उतरवायचे. मग सामान भरायचं. ओझ्याच्या घोड्याच्या दोन्ही अंगांना दोन डबे लटकतात, आणि दोन्हींचं वजन सारखं लागतं. एका बाजूला चार-पाच पौंड जरी जास्त झाले तरी चालता चालता खोगीर तिकडे कलतं आणि संध्याकाळी उतरवल्यावर पाठीवर घासल्याची खूण दिसते. आम्ही प्रत्येक डबा हातकाट्यावर उचलून बघतो आणि कमी भरला तर सरळ एखादा दगड आत टाकतो. एका घोड्यावर साधारण 150 पौंड. हे सगळं होऊन निघायला दहा वाजतात. डोंगरवाटेवर घोड्यांची रांग ताशी तीन मैलांच्या आसपास चालते, म्हणजे दहा-बारा मैलांना थांबे धरून पाच तास. नव्या जागी पोचलात तेव्हा तीन वाजलेले असतात.

आणि ऑगस्टमधल्या दुपारी तीनला त्या रांगेत बरेचदा ढग गडगडत असतात. सकाळ निरभ्र, दुपारी वीज आणि गारा, संध्याकाळी पुन्हा मोकळं, असा क्रम कितीतरी दिवस चालतो. ग्रॅफाइटची रॉड वीज वाहून नेते, तेव्हा गडगडाट ऐकू आला की ती खाली ठेवायची आणि उघड्या काठावरून निघायचं. यावर वाद नको. मग तंबू उभारा, स्वयंपाकाकडे बघा. तळ्याकाठी उभं राहायला उरला अंधाराआधीचा दीड-दोन तास. सकाळची शांत वेळ, जेव्हा पाणी आरशासारखं असतं आणि मासा काठाशी दिसतो, ती तुम्ही घोडे पकडण्यात घालवलेली असते. पाचपैकी पाच दिवस असंच.

म्हणून माझा सल्ला: मुक्काम एकच ठेवा. आजूबाजूला पायी तासाभरात तीन-चार तळी येतील अशी जागा निवडा. विंड रिव्हरच्या पश्चिम उतारावर, ब्रिजर वाइल्डरनेस या राखीव जंगलात, हजाराहून जास्त तळी आहेत. ती एकेकटी नसतात, घोळक्याने असतात. पाइनडेल गावाजवळच्या एल्कहार्ट पार्कहून निघालात तर सेनेका लेक साधारण नऊ मैलांवर आणि आयलंड लेक बारा मैलांच्या आसपास. ही वाट मात्र लोकप्रिय आहे, गॅनेट पीकला जाणारे गिर्यारोहकही तिथूनच जातात. गर्दी नको असेल तर बोल्डर, स्कॅब क्रीक, ग्रीन रिव्हर लेक्स अशा वाटा आहेत. एक दिवस जायला, एक यायला, मधले तीन दिवस पूर्ण तुमचे. तळी मोजून कमी होतील, तास दुपटीहून जास्त होतील.

इथे दोन प्रकार समजून घ्या. एकात घोडे, रँग्लर (घोडे सांभाळणारा) आणि स्वयंपाकी तुमच्याबरोबर राहतात. दुसऱ्यात, ज्याला तिकडे ड्रॉप कॅम्प किंवा स्पॉट पॅक म्हणतात, घोडे तुम्हाला आणि सामानाला सोडून परत जातात आणि ठरलेल्या दिवशी न्यायला येतात. दुसरा स्वस्त पडतो, पण मधल्या दिवसांत तुम्ही तुमचे. कुणाचा पाय मुरगळला तर दारात घोडा नाही. चौघांपैकी एकाला तरी जंगलात राहायची सवय असेल, प्रथमोपचार येत असतील आणि सॅटेलाइटवरून संदेश पाठवायचं यंत्र बरोबर असेल तर मी ड्रॉप कॅम्प घेईन. तसं कुणी नसेल तर जास्त पैसे मोजा आणि माणसं बरोबर ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणाला मुळात घोड्यावरून भटकायचीच हौस असेल, मासा मिळाला तर मिळाला, तर मात्र रोज मुक्काम हलवण्याचा बेतही चांगला आहे. फक्त चौघांनी घरीच ठरवा की आपण यातलं काय करायला चाललोय. हे न ठरवता आलेल्या गटात तिसऱ्या संध्याकाळी धुसफूस सुरू होते.

आता घोडा. दोघं नवखे आहेत याची तुम्ही काळजी करताय तेवढी गरज नाही. या कामाचे घोडे शांत असतात, पुढच्याच्या शेपटीमागे चालत राहतात. मांड पक्की नसली तरी चालणाऱ्या घोड्यावर माणूस टिकतो. त्रास होतो तो शरीराला. मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या हाडांना आणि गुडघ्यांना चौथ्या तासापासून जाणवायला लागतं. निघण्याआधीच्या दोन महिन्यांत जवळच्या घोडेस्वारीच्या शाळेत जाऊन दोघांनी आठवड्यातून एकदा दीड-दोन तास बसून घ्यावं. दुडकी चाल शिकायला नाही, नुसतं अंगाला सवय व्हायला. शिवणीचा जाड काठ मांडीखाली येणार नाही अशी पँट आणि टाचेचे बूट घ्या. टाच असली की पाय रिकिबीतून आरपार जात नाही. हायकिंगचे जाडजूड बूट रिकिबीत अडकतात, ते डब्यात ठेवा. हेल्मेट मागून घ्या. काउबॉय टोपीतले फोटो छान येतात हे मान्य, पण तिथून दवाखाना एक दिवसाच्या वाटेवर आहे.

दुखऱ्या गुडघ्याबद्दल लोकांचा समज असा की चालण्यापेक्षा घोडा बरा. नेहमी तसं नसतं. रिकीब आखूड असेल तर गुडघा तासनतास वाकलेला राहतो, आणि उतारावर सगळं वजन त्याच्यावर येतं. रिकीब एक भोक लांब करून घ्या, दर तासाला उतरून दहा मिनिटं घोड्याबरोबर चाला, आणि मोठा उतार आला की लगाम हातात धरून पायीच उतरा. घोड्याच्या खांद्यांनाही तेवढाच आराम. चालताना गुडघा दुखत नसेल तर तुमच्या मित्राने सगळी वाट पायी यावं आणि ओझं घोड्यावर द्यावं, हाही चांगला पर्याय आहे. आउटफिटर, म्हणजे घोडे आणि माणसं पुरवून अशा सहली चालवणारे, याला सहसा नाही म्हणत नाहीत.

सकाळी निघताना एक गोष्ट स्वतः बघा. खोगीर चढवून तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. त्या क्षणी तंग घट्ट वाटतो. थोडं चालल्यावर घोडा श्वास सोडतो आणि तंगाखाली अख्खा हात जाईल एवढी ढील पडते. अशा वेळी चढावर खोगीर मागे सरकतं, आडव्या उतारावर माणसासकट फिरतं. म्हणून पहिल्या पाव मैलानंतर सगळी रांग थांबवून तंग पुन्हा आवळायचे असतात. चांगला रँग्लर न सांगता थांबवतो. नाही थांबवला तर तुम्ही सांगा, त्यात कमीपणा काही नाही.

अंगावर काय आणि घोड्यावर काय, याचा नियम सोपा आहे: घोडा पळून गेला तर ज्याच्यावाचून अडेल ते सगळं अंगावर. अस्वलासाठीचा स्प्रे, संदेशाचं यंत्र, काडेपेटी, नकाशा, रोजची औषधं. स्प्रे खोगिराच्या पिशवीत ठेवणारे फार भेटतात. अस्वल दिसलं की सर्वांत आधी घोडाच बिथरतो, तेव्हा तो स्प्रे अस्वलावर वापरायला हाती उरत नाही, घोड्याबरोबर तुमच्यापासून लांब निघून जातो. रेनकोट खोगिराच्या मागे बांधा, पण घालताना आधी खाली उतरा. घोड्यावर बसून फडफडणारा रेनकोट डोक्यावरून ओढला की समजूतदार घोडाही बावरतो.

आता तुमची रॉड. नऊ फुटी, 5 वजनाची (हा रॉडला चालणाऱ्या लाइनचा क्रमांक, रॉडचं वजन नव्हे), चार तुकड्यांची, कडक नळीत. महागडी नको. नळी तुमच्या खोगिराला आडवी बांधू नका, झाडांच्या दाटीत ती अडकते. ओझ्याच्या घोड्यावर, दोन डब्यांच्या मधे, मऊ सामानाखाली जाऊ द्या. चौघांत मिळून एक जादा रॉड न्या. वाऱ्यात नवखा माणूस लीडरचा (लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या बारीक दोऱ्याचा) गुंता करतो, म्हणून नऊ फुटी लीडर पुरे, टिपेट (लीडरच्या टोकाचा सर्वांत बारीक दोरा) 4एक्स आणि 5एक्स जाडीचा. हात बसल्यावर लीडर बारा फुटांपर्यंत वाढवा. आणि घोडे बांधलेत तिथून लांब जाऊन गळ टाका. मागे जाणाऱ्या लाइनचा काटा घोड्याच्या कानात रुतला तर दावणीसकट सगळे घोडे उधळतात. काट्याची उलटी नांगी पकडीने दाबून टाका. माशाला बरं, घोड्याला बरं, मित्राच्या मानेला बरं.

तळ्याकाठी काय करायचं हे जरा सविस्तर सांगतो, कारण नदीवर शिकलेले लोक इथे गोंधळतात. नदीत मासा एका जागी तोंड धरून बसतो आणि पाणी त्याला खाद्य आणून देतं. तळ्यात पाणी हलत नाही, म्हणून मासा फिरतो. काठापाशी फिकट दिसणारा उथळ भाग आणि पुढचं काळपट खोल पाणी यांच्या सीमेवरून ट्राउट गस्त घालत असतो. पोचल्या पोचल्या पाण्यात पाय घालू नका, तो ज्या वाटेने फिरतो तिथेच तुम्ही उभे राहाल. पोलरॉइड चष्मा लावा, काठापासून दहा पावलं मागे, शक्य तर एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला बसा आणि नुसतं बघा. आधी सावली दिसते, तळाच्या दगडांवरून सरकणारी. मासा त्याच्यावर तरंगताना नंतर ओळखू येतो. तो गेला की थोड्या वेळाने त्याच बाजूने पुन्हा येतो. वाट कळली की फ्लाय त्याच्या अंगावर न टाकता वाटेवर, सात-आठ फूट पुढे टाकून ठेवा. जवळ आला की लाइन एक-दोन इंच हलकेच ओढा. बस. सगळं कौशल्य त्या दोन इंचांत असतं, आणि घाई झाली की तिथेच जातं.

मासा दिसत नसेल तर पाणी आत येतं आणि बाहेर पडतं त्या तोंडांपाशी जा. तिथे प्रवाह असतो, खाद्य आयतं येतं. वारा सुटला की लोक आडोशाचा काठ धरतात, कारण तिथे गळ टाकणं सोपं. पण वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे पाण्यावर पडलेले किडे ढकलले जाऊन साठतात, आणि मासाही तिकडे. अवघड आहे, पण त्या बाजूला जा. उजव्या हाताने टाकत असाल तर वारा डाव्या खांद्यावर येईल असं उभं राहा.

फ्लाय मोजक्याच (आकडे काट्याच्या आकाराचे, आकडा मोठा तर काटा लहान). पॅराशूट ॲडम्स 16 आणि 18, एल्क हेअर कॅडिस 16, काळी मुंगी 14 ते 16, स्कड 14, झेब्रा मिज 18, आणि ऑलिव्ह रंगाची एक वूली बगर. प्रत्येकी तीन-चार. मुंगी विसरू नका. ऑगस्टमध्ये पंखांच्या मुंग्या एखाद्या दुपारी वाऱ्याने तळ्यावर येऊन पडतात आणि त्या तासात मासा दुसऱ्या कशाकडे बघत नाही. आणि काठाचा एखादा दगड उलटून बघा. खाली वाकड्या अंगाचे, करड्या-हिरव्या रंगाचे स्कड वळवळताना दिसले तर त्या तळ्यात मोठा मासा असण्याची शक्यता चांगली. कोळंबीच्या जातकुळीचं हे खाद्य मासा पोसतं.

कुठल्या तळ्यात काय आहे, यामागे एक इतिहास आहे. धबधब्यांमुळे मासा वर चढू शकत नसल्याने या उंचावरच्या तळ्यांपैकी बहुतेकांत मुळात मासा नव्हताच. तो वर गेला घोड्यांच्या पाठीवरून. 1930 च्या दशकात फिनिस मिचेल नावाच्या गृहस्थाने बिग सँडीजवळ मासेमारीचा तंबूतळ चालवला आणि दुधाच्या कॅनमध्ये ट्राउटची पिल्लं घालून, घोड्यांवर लादून तीनशेहून अधिक तळ्यांत सोडली. घोडा चालताना कॅनमधलं पाणी हिंदकळायचं, त्यात हवा मिसळत राहायची आणि पिल्लं जगायची. म्हणून शेजारशेजारच्या दोन तळ्यांत वेगळा मासा असतो, आणि तिसऱ्यात एकही नसतो. निघण्याआधी वायोमिंगच्या गेम अँड फिश खात्याच्या पाइनडेल कार्यालयाला फोन करून तुमच्या भागातल्या तळ्यांची यादी वाचून दाखवा. ते मोकळेपणाने सांगतात.

तुम्ही गोल्डन ट्राउटचं विचारलंय. हा मासा मूळचा कॅलिफोर्नियातल्या कर्न नदीच्या खोऱ्यातला, विंड रिव्हरमध्ये आणून सोडलेला. याच रांगेतल्या कुक लेकमध्ये 1948 साली 11 पौंडांहून मोठा गोल्डन मिळाला होता आणि तो विक्रम अजून टिकून आहे. त्यामुळे सगळ्यांना तोच हवा असतो. पण हा मासा लहरी. मधल्या तीनपैकी दोन दिवस ब्रुक ट्राउट आणि कटथ्रोटच्या तळ्यांवर घालवा, आणि एकच दिवस गोल्डनसाठी राखून ठेवा, तेही हात बसल्यावर. ब्रुक ट्राउट काही तळ्यांत इतका वाढलाय की खाद्य पुरत नाही. डोकं मोठं आणि अंग काडी असा सात-आठ इंची मासा मिळतो. नवख्यांना शिकायला तो उत्तम, आणि नियमात बसतील तेवढे तव्यावर गेले तरी तळ्याचं भलंच होतं. गोल्डन मात्र ओल्या हाताने धरून पाण्यातल्या पाण्यात सोडा.

नियमांचं थोडक्यात. वायोमिंगचा परवाना चौघांनाही लागेल. बाहेरच्या राज्यातल्यांना तो दिवसाच्या हिशेबानेही मिळतो. रांगेचा माथा ओलांडून पूर्वेला गेलात की बऱ्याच भागात विंड रिव्हर रिझर्व्हेशन लागतं. ती ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो लोकांची जमीन. तिथे राज्याचा परवाना चालत नाही, त्यांचा वेगळा घ्यावा लागतो. नकाशावर ती रेघ आधी बघून ठेवा. मुक्काम तळ्यापासून 200 फूट लांब. खाण्याचं सगळं अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात, नाहीतर जमिनीपासून दहा फूट वर आणि खोडापासून चार फूट बाहेर टांगलेलं. माशाची घाणही त्यातच मोजा. घोड्यांसाठी वर नेलेलं गवत तणमुक्त प्रमाणपत्राचंच लागतं, नाहीतर शेणातून तणाचं बी पसरतं. काही तळ्यांच्या आसपास घोड्यांसह मुक्कामाला बंदी असते, म्हणून जागा पक्की करण्याआधी फॉरेस्ट सर्व्हिसच्या कार्यालयात विचारा. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याने तिथे इंजिनाची वाहनं तर सोडाच, सायकलही चालत नाही. म्हणूनच तर आमचे घोडे अजून कामावर आहेत.

उंचीला कमी लेखू नका. पाइनडेल 7,000 फुटांच्या थोडं वर, वाटेची सुरुवात 9,300 च्या पुढे आणि मुक्काम 10,000 च्याही वर. समुद्रसपाटीहून विमानाने आलात आणि दुसऱ्या सकाळी घोड्यावर बसलात तर पहिली रात्र डोकेदुखीत जाईल. पाइनडेलमध्ये दोन रात्री काढा. तिथल्या खालच्या तळ्यांवर तेवढ्यात गळ टाकायचा सरावही होईल.

आउटफिटर ठरवताना संकेतस्थळावरच्या माशांच्या फोटोंवर जाऊ नका. फोन करून विचारा: ब्रिजर-टेटन फॉरेस्टमध्ये व्यवसायाचा परवाना तुमच्या नावावर आहे का? स्वाराच्या वजनाची मर्यादा किती, आणि माणशी सामान किती पौंड? एका रँग्लरकडे किती घोडे? घोडे रात्री कसे ठेवता? वाटेत घोडा लंगडला तर जादा घोडा असतो का? ड्रॉप कॅम्पला मधल्या दिवशी कुणी येऊन बघून जातं का? जो माणूस तुमची वजनं आणि स्वारीचा अनुभव तुम्ही सांगण्याआधी स्वतः विचारतो, त्याच्याकडे मी निर्धास्त जाईन. वजन खरं सांगा बरं का, घोडा त्यावरून निवडतात.

तारखांचं म्हणाल तर ऑगस्टचा पहिला आठवडा टाळा. बर्फ वितळून ओल राहिलेली असते आणि डास इतके की जाळीतूनही जेवण नकोसं होतं. 20 ऑगस्टनंतर रात्री थंडी पडायला लागते, डास उतरतात, मुंग्यांचा हंगामही चालू असतो. सप्टेंबरचा पहिला आठवडा त्याहून मोकळा, पण तेव्हा एखाद्या सकाळी तंबूवर चार इंच बर्फ असू शकतं आणि नवख्या दोघांना ते झेपेल असं वाटत नाही. तेव्हा 20 ते 30 ऑगस्ट या दरम्यानचे पाच दिवस मागा. चांगल्या लोकांकडे ते हिवाळ्यातच भरतात.